जाड चामड्याचा मोह: लोहारकामाचा ॲप्रन निवडताना काय चुकलं आणि काय जमलं

पार्श्वभूमी

वर्कशॉप लहान आहे. एक कोळशाची भट्टी, एक गॅसची, दोन ऐरणी, बेल्ट ग्राइंडर, बफिंग मशीन, ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात आर्क वेल्डिंगचा संच. माणसं चार. भट्टीवर मिस्त्री असतात, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या हाताखाली सहा महिन्यांपूर्वी आलेला एक शिकाऊ मुलगा. ग्राइंडिंग आणि पॉलिश ताईंकडे. हिशेब, खरेदी आणि सुरक्षेची जबाबदारी माझी. काम हातघडाईचं: आकडे, कड्या, जाळ्यांचे तुकडे, सुऱ्या. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

सुरुवातीला तिघांचे तीन ॲप्रन होते आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी चुकीचे होते. काकांचा त्यांच्या उस्तादांकडून आलेला, कातड्याचा, इतका कडक झालेला की भिंतीला टेकवला तर न पडता उभा राहायचा. शिकाऊ मुलाला जाड सुती कापडाचा, पोटावर एक मोठा उघडा खिसा असलेला. ताईंना रेक्झीनचा, कारण तो ओल्या फडक्यानं पुसता येतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी त्याला बारीक बारीक वितळलेली भोकं पडली होती, पण ती कोणी मनावर घेतली नव्हती. मीही नाही.

काय घडलं

एका दुपारी काका आणि मुलगा भट्टीत दोन तुकडे एकमेकांना जोडत होते. या कामाला लोखंड पिवळं-पांढरं होईपर्यंत, सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि सांध्यावर टाकणखार टाकावा लागतो. टाकणखार वितळून काचेसारखा पातळ होतो आणि हातोड्याचा पहिला घाव बसला की खपल्यांसकट, म्हणजे तापलेल्या लोखंडावर धरलेल्या पापुद्र्यांसकट, चहूकडे उडतो. ज्यांनी हे पाहिलंय ते पहिल्या घावाला अर्धं पाऊल मागे असतात. मुलगा सांडशी धरून पुढे झुकला होता.

एक खपली त्याच्या पोटावरच्या खिशात पडली. खिशात हात पुसायची तेलकट चिंधी होती. ती भडकली नाही, नुसती धुमसत राहिली. धूर आधी काकांना दिसला. "अरे, तुझ्या पोटातनं धूर येतोय," असं ते म्हणाले, तेव्हा मुलाला वाटलं काका गंमत करतायत. मग चटका बसला. ॲप्रनची दोरी पाठीमागे दोन गाठी मारून बांधलेली, हातात मोजे. गाठ काही सुटेना. शेवटी काकांनी सांडशी टाकली आणि ॲप्रन त्याच्या डोक्यावरून ओढून काढला.

अंगठ्याच्या पेराएवढा फोड आला. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला, मग डॉक्टरांना दाखवला. आठ-दहा दिवसांत बरं झालं. दुखापत किरकोळ होती, पण त्या संध्याकाळी आम्ही जो निष्कर्ष काढला तो पुढे महागात पडला: कापड नको, चामडं हवं.

आज मागे वळून पाहताना दिसतं की त्या प्रसंगात तीन दोष होते: उघडा खिसा, खिशातली चिंधी आणि न सुटणारी गाठ. तोच ॲप्रन चामड्याचा असता, खिसा आणि गाठ तशीच असती, तरी खपली खिशात पडलीच असती आणि चिंधी धुमसलीच असती. आम्ही मात्र फक्त कापडाला दोष दिला.

पहिली खरेदी

खरेदी मी केली, फोटो बघून. तीन मिलिमीटर जाडीचं, वरच्या थराचं, झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, पितळी रिवेट, मानेत अडकवायचा रुंद पट्टा, चार खिसे. वर्णनात 'आयुष्यभर टिकेल' असं लिहिलं होतं. तीन नग मागवले. पार्सल उघडल्यावर नव्या चामड्याचा जो वास आला त्यानं निम्मी मतं तिथेच फिरली. काकासुद्धा हात फिरवून म्हणाले, "माल भारी आहे." दिसायला खरंच देखणे होते.

दीड महिन्यात तक्रारी सुरू झाल्या.

पहिली वजनाची. खिसे-पट्टे धरून एक ॲप्रन दोन किलोच्या आसपास होता आणि ते सगळं वजन मानेवरच्या एका पट्ट्यावर. दिवसभर ऐरणीवर वाकणाऱ्या माणसाची मान आधीच भरून आलेली असते. काका दुपारनंतर ॲप्रन काढून ठेवू लागले. मुलगा तर "आणतो, आणतो" म्हणत तो न घालताच उभा राहायचा. खुंटीवर टांगलेला ॲप्रन कितीही जाड असला तरी त्याचा उपयोग काय?

दुसरी तक्रार जरा अनपेक्षित होती. गॅसच्या भट्टीच्या तोंडातून ज्वाळेचा झोत सतत बाहेर पडतो आणि समोर उभं राहणाऱ्याच्या कमरेखाली लागतो. त्या जागी चामडं आक्रसलं, कडक झालं आणि कडा वाळल्या पानासारखी आत वळली. चामडं म्हणजे मुळात कोलॅजेनच्या तंतूंचं विणकाम. ठरावीक तापमानाच्या पुढे हे तंतू आखडतात, विशेषतः चामड्यात ओल असेल तर, आणि घामानं ॲप्रनची आतली बाजू ओली असतेच. सालीत कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आखडायला लागतं. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं बहुधा १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर तग धरतं. म्हणजे आम्ही जाडी दुप्पट घेतली खरी, पण भट्टीसमोर आधी दमणारी जात निवडली.

तिसरी रिवेटांची. पितळ चटकन तापतं. खिशाच्या कोपऱ्यावरचा रिवेट काकांच्या मनगटाला लागला आणि त्यांनी जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

बफिंग मशीनपाशी

इतक्यावर भागलं असतं तर हे प्रकरण 'खरेदी फसली' एवढंच राहिलं असतं. पुढची घटना ताईंची.

बफिंगचं कापडी चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे फिरतं. समोरच्या बाजूनं ते वरून खाली येतं, त्यामुळे जे काही त्यात अडकेल ते खाली आणि आत खेचलं जातं. ताईंची अंगकाठी बारीक. ॲप्रन एकाच मापाचा. कमरेचा पट्टा बक्कलमधून ओढून घट्ट केल्यावर वीतभर टोक लोंबत राहायचं. त्या पट्टा मागे खोचायच्या आणि तो काम करता करता सुटून पुढे यायचा. त्या दिवशी तो चाकात गेला.

मी पाच-सहा पावलांवर होतो. धप्प असा आवाज आला आणि ताई कमरेनं मशीनच्या कडेवर आपटल्या. पुढच्या क्षणी पट्टा ॲप्रनपासून टाक्यांसकट उसवला आणि चाकाभोवती फटाफट आपटत फिरायला लागला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. कमरेला काळीनिळी गाठ आली, बाकी काही नाही.

नंतर उसवलेली जागा पाहिली. पट्टा फक्त एका ओळीत, मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवलेला होता. शिवण कच्ची होती म्हणून ताई वाचल्या. ज्या मजबुतीची मी जाहिरात वाचली होती ती त्या जागी खरोखर असती तर काय झालं असतं, याचा विचार मी बरेच दिवस टाळला.

पहिला खरा निर्णय

त्याच दिवशी बफिंग आणि ड्रिल मशीनवर ॲप्रन घालणं बंद केलं, तात्पुरतं. मग सगळे बसलो. मी पुन्हा चामड्याच्या जाडीवर यायला लागलो, दोन मिलिमीटर की दीड, तेव्हा ताईंनी मला थांबवलं.

"दादा, तुम्ही भट्टीकडे बघून ॲप्रन आणला. मी भट्टीपाशी जातेच कुठे?"

या प्रकरणात कलाटणी मिळाली ती या वाक्यानं. आगीसमोर हवा असतो लांब, अंगभर, दणकट ॲप्रन. फिरत्या चाकासमोर तेच तीन गुण उलटतात: लांबी अडकते, सैल घेर अडकतो आणि दणकटपणा माणसाला सोडत नाही. एकच ॲप्रन दोन्हीकडे चालवायचा आमचा हट्ट हीच मुळातली चूक होती.

मग आम्ही भिंतीवर कागद लावला आणि प्रत्येक जागेवर अंगावर नेमकं काय येतं ते लिहून काढलं. कोळशाची भट्टी आणि ऐरण: उडत्या खपल्या, वितळलेला टाकणखार, क्वचित तापलेल्या सळईचा स्पर्श. गॅसची भट्टी: सततची धग. तेलात पाणी देताना, म्हणजे तापलेलं लोखंड कडक व्हावं म्हणून तेलात बुडवताना: तेलाचा भडका आणि शिंतोडे. वेल्डिंग: वितळलेले थेंब आणि अतिनील किरण. ग्राइंडर: ठिणग्यांचा झोत, नेहमी एकाच जागी, पोटाखाली. तारेचा ब्रश: सुटलेल्या तारा, त्या कापडात सुईसारख्या घुसतात. बफिंग आणि ड्रिल: अडकणं. हा कागद पहिल्या खरेदीच्या आधी लावायला हवा होता. अर्धा तास लागला फक्त.

पर्यायांची पारख

अग्निरोधक प्रक्रिया केलेला सुती ॲप्रन हलका असतो, धुता येतो आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांना पुरतो. पण तापलेली सळई टेकली की कापड जळून पार होतं, आणि काही प्रकारांत धुण्यागणिक प्रक्रियेचा असर कमी होत जातो. ताईंसाठी विचारात राहिला, भट्टीसाठी बाद झाला.

ॲल्युमिनियमचा चकचकीत थर दिलेले अरामिड (न वितळणारा कृत्रिम धागा) कापडाचे ॲप्रन ओतकामाच्या मोठ्या भट्ट्यांपुढे वापरतात. किरणांची धग परतवण्यात त्यांना तोड नाही. आमच्याकडे मात्र दिवसभर खरखरीत लोखंड अंगाला घासतं, तो थर किती टिकला असता? नको म्हटलं.

काकांचा कल घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांच्या ॲप्रनकडे होता. तो कमरेपासून खाली, मधोमध चिरलेला, मांड्यांना आतून पट्ट्यांनी बांधलेला असतो. पाय मोकळे राहतात, वजन मानेवर येत नाही, वाकता येतं. पण तो घोड्याचा खूर मांड्यांत धरण्यासाठी घडलेला आहे, छाती उघडीच राहते. टाकणखार छातीवर उडतो हे आम्ही पाहिलं होतं. काकांना हे पटायला दोन दिवस लागले. त्यांच्या म्हणण्यातला मुद्दा मात्र आम्ही उचलला: घण मारताना पाय फाकतात, तेव्हा खालचा भाग चिरलेला हवा.

राहिलं चामडं, पण कोणतं? गाई-म्हशीचं कातडं मुळात बरंच जाड असतं. ते यंत्रावर आडवं चिरून थर वेगळे करतात. वरचा थर गुळगुळीत आणि अधिक चिवट. खालचा, दोन्ही बाजूंनी लव असलेला. वेल्डिंगचे बहुतेक ॲप्रन या खालच्या थराचे, क्रोममध्ये कमावलेले असतात. स्वस्त म्हणून त्याला नाकं मुरडणारे आहेत, पण तो मऊ असतो, अंगाबरोबर वळतो आणि क्रोमची कमावणी धगीला टिकते. तोटा असा की लव जळून काळी पडते आणि तिच्यात ग्राइंडिंगची धूळ अडकते. कातड्याचा कोणता भाग आहे यानंही फरक पडतो: पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं सैल आणि ताणलं जाणारं. पोटाच्या तुकड्यांचा ॲप्रन काही महिन्यांत लोंबायला लागतो.

जाहिरातींतल्या 'अमुक अंश तापमान सहन करतो' या दाव्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही. किती वेळ, कशाचा स्पर्श, पाठीमागे किती तापलं, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. मानकं हे सांगतात. आयएसओ ११६११ हे वेल्डिंगच्या संरक्षक कपड्यांचं मानक आहे. वितळलेल्या धातूचे थेंब पाडत राहायचं आणि पाठीमागचं तापमान ४० अंशांनी वाढायला किती थेंब लागतात ते मोजायचं, ही त्यातली एक चाचणी. पहिल्या वर्गाला किमान १५ थेंब, दुसऱ्याला किमान २५. आयएसओ ११६१२ मध्ये तापलेल्या पृष्ठभागाच्या स्पर्शाची चाचणी आहे, ती २५० अंशांना होते. ऐरणीवर नुकती आणलेली सळई १००० अंशांच्या वर असते. तेव्हा शिक्का असलेला ॲप्रन घ्यावा, पण त्या भरवशावर तापलेलं लोखंड मांडीवर टेकवू नये.

घरच्या घरी चाचण्या

दुसऱ्यांदा फोटोवर भागवायचं नाही असं ठरलं होतं. तीन ठिकाणांहून हाताच्या पंजाएवढे नमुने मागवले. पाच तुकडे आले.

आधी कापलेली कड पाहिली. क्रोमच्या चामड्याची कड, आरपार रंगवलेलं नसेल तर, निळसर-राखाडी दिसते, सालीतल्याची तपकिरी. पण रंग फसवू शकतो, म्हणून उकळत्या पाण्याची चाचणी केली. बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या, त्यांची लांबी कागदावर पेन्सिलीनं आखून ठेवली आणि उकळत्या पाण्यात टाकल्या. तीन पट्ट्या निवांत तरंगत राहिल्या. एक, सालीतली आहे हे माहीत असलेली, बघता बघता आखडली, वळली आणि बाहेर काढल्यावर लाकडाच्या ढलपीसारखी टणक झाली. पाचवीची गंमत अशी की ती 'क्रोम' म्हणून पाठवलेली होती आणि तीही वळली. त्या नमुन्याचा विषय तिथेच संपला. मुलाला हा प्रयोग इतका आवडला की त्यानं जुन्या ॲप्रनची, स्वतःच्या पट्ट्याची, सगळ्याची पट्टी उकळून पाहायचा घाट घातला. पट्टा वाचवला.

मग दोरा. प्रत्येक नमुन्याच्या शिवणीतून एक धागा उसवून चिमट्यात धरून ज्योतीत नेला. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टर सुमारे २६० अंशांना वितळतं, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या त्याहून कितीतरी तापलेल्या असतात. सुती धागा जळून राख होतो. अरामिडचा, म्हणजे ज्याला लोक सरसकट केव्हलार म्हणतात तो, वितळत नाही. नुसता काळा पडतो. शिवण गेली की उत्तम चामड्याचंही फडकं होतं, आणि शिवण नेमकी खालच्या कडेला, जिथे धग आणि खपल्या सर्वाधिक, तिथे असते.

शेवटी १० मिलिमीटरची सळई नारिंगी तापवून प्रत्येक तुकड्यावर तीन मोजेपर्यंत टेकवली. तीन मिलिमीटरच्या जाड चामड्याची मागची बाजू सगळ्यांत थंड राहिली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण मी आतापर्यंत जाडीला नावं ठेवत आलोय. दीड मिलिमीटरचं क्रोम चामडं वरून करपलं आणि मागून लवकर गरम झालं. पण त्याचेच दोन थर एकमेकांवर सैल ठेवले तेव्हा, मधल्या हवेमुळे, मागची बाजू जाड तुकड्याच्या जवळपास आली. त्यातून पुढची दिशा मिळाली: सगळा ॲप्रन जाड करायची गरज नाही, जिथे सळई टेकण्याची शक्यता आहे तिथे दुसरा थर द्यायचा.

एक सावधगिरी. चाचणी झाल्यावर मुलगा उरलेले तुकडे भट्टीत टाकायला निघाला होता. क्रोमचं चामडं जाळलं की त्यातल्या साध्या क्रोमियमपासून सहा संयुजेचं विषारी क्रोमियम तयार होऊ शकतं. ते तुकडे कचऱ्यात जातात, आगीत नाही.

शेवटी काय केलं

भट्टीसाठी क्रोममध्ये कमावलेल्या, सुमारे १.४ मिलिमीटरच्या चामड्याचे दोन ॲप्रन मापावर शिवून घेतले. माप ऐरणीपाशी, हातोडा हातात धरून, वाकलेल्या अवस्थेत घेतलं. ताठ उभं राहून घेतलेलं माप वाकल्यावर छातीपाशी पोत्यासारखं उघडतं आणि खपल्यांना वाटच मिळते. लांबी गुडघ्याखाली चार बोटं. त्याहून लांब असला तर उकिडवं बसताना पायाखाली येतो. मांडीपासून खाली मधोमध चीर, पण दोन्ही भाग एकमेकांवर चढतील अशी. पोटापासून मांडीपर्यंत दुसरा थर, त्याची वरची कड पूर्ण शिवलेली. ती उघडी ठेवली तर तोच खिसा होतो. पट्टे पाठीवर फुलीसारखे, म्हणजे वजन खांद्यांवर. बाजूला एका हातानं, मोजा घालूनही सुटणारं बक्कल. पुढे एकही खिसा नाही. खडूसाठी बाजूला एक लहानसा, झाकणाचा. रिवेट नाहीत. शिवण अरामिडच्या दोऱ्याची.

खिशांवरून मुलगा थोडा हिरमुसला. "मग फूटपट्टी कुठे ठेवू?" काकांनी ऐरणीच्या ठोकळ्याला एक खिळा ठोकला आणि म्हणाले, "इथं."

ताईंसाठी वेगळा विचार केला. ग्राइंडरवर हलका, आखूड, त्यांच्या मापाचा, वरच्या थराच्या पातळ चामड्याचा ॲप्रन, गुळगुळीत बाजू बाहेर म्हणजे धूळ झटकली जाते. पट्टे मागच्या बाजूला, टोकं कापून बेतलेली, लोंबतं काहीच नाही, आणि जोड असा की जोरात ओढलं तर सुटतो. बफिंग आणि ड्रिलवर ॲप्रनच नाही: अंगाबरोबरचा सुती अंगरखा, बाह्या चापून बसलेल्या, केस बांधलेले, ड्रिलवर मोजेही नाहीत. ग्राइंडरकडून बफिंगकडे जाताना ॲप्रन खुंटीवर, हा नियम. ती खुंटी आम्ही बफिंग मशीनच्या बटणाशेजारीच ठोकली, म्हणजे हात तिकडे जातोच.

माल आला तेव्हा पहिल्या दिवशीच प्रत्येक ॲप्रनच्या आतल्या बाजूचा एक धागा काढून जाळून पाहिला. एकाच्या खालच्या कडेचा धागा वितळून मणी झाला. शिवणाऱ्यानं अरामिडचा दोरा संपल्यावर तिथे दुसरा वापरला होता. परत पाठवला, बदलून आला. ही तपासणी केली नसती तर चार-सहा महिन्यांनी कड सुटली असती आणि आम्ही चामड्याला दोष देत बसलो असतो.

परिणाम

या गोष्टीला आता अकरा महिने झाले. सर्वांत मोठा बदल मोजता येण्यासारखा नाही, दिसतो: मुलगा दिवसभर ॲप्रन अंगावर ठेवतो. काका दुपारनंतर काढत नाहीत. वजन निम्म्याहून कमी झालंय. दुसऱ्या थरावर करपल्याचे पाच-सहा डाग आहेत, आत एकही चटका पोचलेला नाही.

पण एक नवं दुखणं या ॲप्रननंच आणलं. जुन्या कापडी ॲप्रनला खपल्या चिकटायच्या. नव्यावरून त्या घरंगळतात आणि सरळ खाली, पायांवर. तिसऱ्याच आठवड्यात एक खपली मुलाच्या बुटात शिरली, कारण तो पॅन्ट बुटात खोचायचा. ऐटीत दिसायचं ना! बूट काढेपर्यंत घोट्याला चटका बसला. तेव्हापासून पॅन्ट बुटाच्या बाहेर, खालची घडी उलगडलेली, आणि नाडीवर चामड्याचा तुकडा बांधलेला. ॲप्रन बदलला की खपलीची वाट बदलते, हे आमच्या भिंतीवरच्या कागदावर नव्हतं.

देखभालीत एक चूक काकांच्या हातून झाली. जुन्या सवयीनं त्यांनी ॲप्रन मऊ राहावा म्हणून भरपूर तेल चोळलं. तेलानं मुरलेलं चामडं ठिणगी धरतं. तेलात पाणी देताना उडालेले शिंतोडेही हळूहळू तेच करतात. आता रोज संध्याकाळी कोरड्या ब्रशनं झाडायचा, आणि फार तेलकट झालेला ॲप्रन भट्टीपाशी आणायचा नाही. ताईंच्या ॲप्रनचा ब्रश वेगळा. त्या कधी ॲल्युमिनियम घासतात, आणि ॲल्युमिनियमची भुकटी व लोखंडाचा गंज यांचं मिश्रण ठिणगीनं भयंकर पेटू शकतं.

पहिल्या खरेदीतले तीन जाड ॲप्रन वाया गेले नाहीत. एकाचे बुटांवरचे तुकडे झाले, एकातून सांडशी टांगायचे पट्टे. तिसरा भेट द्यायला येणारे लोक फोटो काढताना घालतात. त्या कामाला तो उत्तमच आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

भाजल्याच्या संध्याकाळी 'कशाचा ॲप्रन' हा प्रश्न मी विचारणार नाही. 'खपली आत कशी गेली आणि ॲप्रन निघाला का नाही' हे विचारेन. ती दोन उत्तरं मिळाली असती तर त्याच दिवशी खिसा शिवून टाकून आणि गाठीच्या जागी बक्कल लावून निम्मं काम झालं असतं, काहीही विकत न घेता.

तीन नग एकदम घेणार नाही. एक घेईन, तो तिघांना आठवडा-आठवडा घालायला देईन आणि कोण कधी काढून ठेवतं ते बघेन. आणि ताईंना पहिल्यांदा विचारेन. मशीनवर त्या होत्या, खरेदीच्या बैठकीत नव्हत्या. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

बफिंगवर ॲप्रन बंद करायला अपघाताची वाट पाहिली, हेही चुकलं. लोंबणारा पट्टा मी रोज बघत होतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वेल्डिंगला काका जमिनीवर उकिडवे बसतात, तेव्हा ॲप्रनची चीर उघडते आणि थेंब मांडीच्या आतल्या बाजूला जायची वाट मोकळी होते. चीर शिवून टाकली तर घण मारताना पाय फाकत नाहीत. तिथे बटण लावावं का, मग बटण धातूचं की चामड्याचं, यावर काका आणि मुलगा गेले दोन आठवडे भांडतायत. सध्या काका वेल्डिंगला बसताना एक जुना चामड्याचा तुकडा मांडीवर टाकतात. तो त्यांच्या उस्तादांच्या ॲप्रनमधूनच कापलेला आहे.